दोन नंबरची पेटी

तेव्हा बेटावर मोबाइलची रेंज फक्त चर्चच्या पायऱ्यांवर यायची. फोन करायचा तर लोक तिथे रांगेत उभे राहत, आणि एकाचं बोलणं दहा जण ऐकत. त्या उन्हाळ्यात समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरातल्या विद्यापीठातून दिंका आली ती सात पेट्या घेऊन. मच्छीमारांच्या एकेका होडीवर एकेक बसवायची. भरसमुद्रात कुणाचं इंजिन बंद पडलं, तर त्याचा निरोप एका पेटीकडून दुसऱ्या पेटीकडे असा बंदरापर्यंत पोचावा. होड्या सतत हलत्या, तेव्हा वाट पेट्यांनीच शोधायची. जी पेटी म्हणेल, ‘मला बंदर माहीत आहे,’ तिच्या हाती निरोप द्यायचा. दिंकाची तीन वर्षं यात गेली होती. शुक्रवारी प्राध्यापक यायचे होते. पेट्या ठेवायच्या की उचलायच्या, ते ठरवायला.

आणि चार नंबरच्या पेटीचे चाचणीचे निरोप गायब होत होते.

चार नंबर येर्कोचा. येर्को तोंडाचा फटकळ. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, “कोण कुणाच्या जवळ होतं, हे ही पेटी लिहून ठेवते ना? म्हणजे चहाडखोरच की.”

“त्या याद्या मी कुणाला दाखवणार नाही, बार्बा,” दिंकाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता. बेटावर वडीलधाऱ्यांना बार्बाच म्हणतात.

बार्बा बार्तुल, दोन नंबरवाला, तेवढा गोड. तिला भाजलेले बांगडे आणून द्यायचा. “येर्कोचं मनावर घेऊ नकोस गं. पण त्याच्या पेटीवर लक्ष ठेव,” असंही हळूच सांगायचा.

मंगळवारी तिच्याने राहवलं नाही. धक्क्यावर, सगळे जाळी सोडवत बसलेले असताना, तिने येर्कोला विचारलं, “तुम्ही पेटी बंद करता का?”

येर्कोने मानही वर केली नाही. “मी बंद केली असती तर समुद्रात फेकून केली असती. चोरून नाही.”

कुणी हसलं नाही. बेटावर माणसाला चारचौघांत चोर ठरवत नाहीत.

बुधवारी ती टपालाच्या बोटीने स्प्लिटला निघाली. कप्तानाच्या बाकाखाली, टपालाच्या पिशव्यांमागे, हिरवा दिवा लुकलुकत होता. तिने वाकून पाहिलं. दोन नंबर.

“बार्तुलची आहे,” कप्तान म्हणाला. “पहाटे अंधारातच घ्यायची, संध्याकाळी द्यायची. मी कारण विचारत नाही.”

आता तिला उलगडा झाला. बोट बंदरातून निघून रोज येर्कोच्या होडीजवळून जायची. नुकतीच बंदर सोडून आलेली दोन नंबरची पेटी म्हणायची, मला बंदर माहीत आहे. येर्कोची पेटी विश्वासाने निरोप तिच्या हवाली करायची, आणि बोट ते घेऊन स्प्लिटला जायची.

संध्याकाळी तिने बार्तुलला गाठलं.

“वसंतात मासेमारीच्या जागांच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा माझ्या वाट्याला नुसते खडक आले,” तो म्हणाला. “येर्कोला चांगली जागा. पहाटे तो यायच्या आत मी जाऊन त्याची जाळी हलकी करतो. जाळी आटोपून परततानाच येर्को भेटायचा. पेटी होडीवर असती तर मी पहाटे त्याच्याजवळ होतो हे तिने लिहून ठेवलं असतं, आणि बंद केली असती तर तू लगेच ओळखलं असतंस. पोरी, हे कुणाला कळलं तर मला इथे राहता येणार नाही.”

गुरुवारी दिंका येर्कोकडे गेली. “चूक माझी होती, बार्बा. तुमच्या पेटीत काही दोष नाही.”

“मग कुणाच्या?”

ती जायला वळली.

“दोन महिने माझी जाळी कुणीतरी रिकामी करतंय,” येर्को म्हणाला. “पेटीशी खेळणाराही तोच असणार. आता तुला नाव माहीत आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

“मी शब्द दिलाय.”

“चोराला?”

“सगळ्यांना.”

येर्को उठला, होडीत गेला आणि पाना घेऊन पेटी सोडवून आला. ती त्याने तिच्या पायाशी ठेवली. रागावला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. “हिला सगळं कळतं आणि ही माझ्याशी बोलत नाही,” तो म्हणाला. “अशीला होडीत घेऊन मी काय करू?”

येर्कोने पेटी काढली तशी दुपारपर्यंत इतरांनीही काढली; जाळी रिकामी करणारा आपल्यातलाच कुणीतरी, हे धक्क्यावर पसरलं आणि आता सगळ्यांनाच सगळ्यांचा संशय. शुक्रवारी प्राध्यापक आले तेव्हा धक्क्यावर सहा पेट्या मांडलेल्या होत्या. त्यांनी कारण विचारलं. दिंका म्हणाली, “पद्धत बरोबर आहे. माणसं मी नीट सांभाळली नाहीत.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पेट्या बोटीत चढवायला सांगितलं.

फक्त बार्तुलने आपली काढली नव्हती. ती त्या दिवशी, कितीतरी आठवड्यांनी, खरोखर त्याच्या होडीवर होती, आणि तिचा निरोप घ्यायला आसपास दुसरी एकही पेटी नव्हती.