काचेवर पाणी येईना

घड्याळकाकांनी गाडी चालवणं सोडलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्याचं खरं कारण त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

बायकोला म्हणाले, इंजिनातून कसलातरी आवाज येतोय, उगाच वाटेत अडकायला नको. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना म्हणाले, डॉक्टरांनी पायी चालायला सांगितलंय. दोन माणसांना दोन वेगळ्या थापा म्हणजे काकांच्या मानाने जरा जास्तच झालं. चाळीस वर्षं त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. "गुरुवारी या" म्हणाले की घड्याळ गुरुवारी तयार असायचं, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर ते तोंडावर सांगायचे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांचं नाव घड्याळकाका ते घड्याळकाकाच राहिलं.

झालं होतं ते असं. काकूंचा उजवा गुडघा ऑपरेशन करून बदलला होता. आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊ वाजता, त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं. त्या दिवशी पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडी वळली, ऊन थेट समोरून आलं आणि काकांच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात एक काळी रेघ हलली. काकांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. रेघ म्हणजे सायकलवरून चाललेली एक बाई होती. गाडीपासून हातभर अंतरावर ती थांबली, त्यांच्याकडे बघून काहीतरी फटकारून बोलली आणि निघून गेली.

काकूंच्या मांडीवरची पिशवी पायाशी सांडली होती. "कशी मध्येच आली बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

ती मध्ये आली नव्हती, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ती रस्त्याच्या कडेनेच चालली होती.

घरी आल्यावर गाडी छपराखाली लावून त्यांनी समोरची काच वाकून वाकून पाहिली. लख्ख होती. पलीकडच्या भिंतीवरचा खिळासुद्धा दिसत होता. म्हणजे दोष काचेत नव्हता. मग उरलं काय? त्यांचे वडीलही घड्याळंच दुरुस्त करायचे. पासष्टीनंतर त्यांना दिसेनासं झालं, आणि शेवटची काही वर्षं ते खिडकीपाशी बसून, एकेक जुनं घड्याळ कानाला लावून नुसतं ऐकत राहायचे. काकांनी ते जवळून पाहिलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं तर ते सांगणारच. न गेलं तर निदान कोणी सांगणार तरी नाही. सत्तरीच्या माणसाने असला हिशोब करावा हे त्यांना स्वतःलाही पटत नव्हतं, पण रोज सकाळी उठून ते तोच करत होते.

दवाखान्यात जायला मग टॅक्सी बोलवायला लागले. एके दिवशी टॅक्सी आलीच नाही आणि काकूंचा व्यायाम बुडाला. काकू त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. काकू गप्प झाल्या की काहीतरी बिनसलंय हे काकांना एरवी लगेच कळायचं. या खेपेला ते आपल्याच काळजीत इतके बुडाले होते की त्यांच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी सकाळी न कळवता लेक आली. ती पाणीपुरवठा खात्यात कामाला होती. अर्ध्या शहराला पाणी चढवणाऱ्या पंपांची देखभाल तिच्याकडे होती, त्यामुळे घरी आली तरी नळ, टाकी, मोटार यांच्याकडे आधी बघायची आणि माणसांकडे नंतर. आज मात्र चपला न काढताच तिने हात पुढे केला.

"बाबा, किल्ली द्या. आई म्हणत होती इंजिन आवाज करतंय. जरा चक्कर मारून ऐकते."

काकांना नाही म्हणता येईना. किल्ली दिली आणि ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. इंजिनात आवाजबिवाज काही नाही हे दहा मिनिटांत उघड होणार होतं. मग ती विचारणार, आणि मग सगळंच सांगावं लागणार. सांगायचं कसं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. पण पहिल्या वाक्याच्या पुढे गाडी सरकेना.

पाऊण तास झाला तरी लेक आली नाही. आली ती तणतणतच. गाडी उन्हातच ठेवून खाली उतरली.

"इंजिनाला काही धाड भरलेली नाही. पण ही गाडी तुम्ही चालवत होता तरी कशी? समोरचं काही दिसत नाही!"

"काय म्हणालीस?"

"काही दिसत नाही म्हणाले! पुलाच्या अलीकडे वळले आणि समोर सगळं पांढरं. बाजूला घेऊन उभीच राहिले, ऊन जरा वर जाईपर्यंत. काचेवर पाणी मारायला गेले तर पाण्याचा थेंब नाही. वायपर कोरडेच फिरले आणि आणखी बरबटलं सगळं."

काका फाटकाला धरून उभे होते. "तुलासुद्धा दिसलं नाही?"

"मलासुद्धा म्हणजे?"

काका तिथेच पायरीवर बसले. गेले नऊ दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी एका हाताने उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. लेक घाबरली. "बाबा? पाणी आणू? काय होतंय?" तेव्हा कुठे त्यांनी सगळं सांगितलं: सायकलवरची बाई, आजोबांचे डोळे, इंजिनाची थाप, सगळं. लेक ऐकत राहिली. मग तिने हाताला धरून त्यांना गाडीपाशी नेलं, आणि काचेवरून एक बोट फिरवलं. बोटाच्या वाटेवर काचेत स्वच्छ पट्टा उमटला. दोन्ही बाजूंना पांढुरका, तेलकट थर.

"सावलीत हे दिसतच नाही. ऊन समोरून आलं की मगच कळतं. पाणी कधीपासून बंद आहे?"

"झाले असतील दोन महिने. आधी बारीक यायचं, मग गेलंच. मी फडकं मारायचो की अधूनमधून."

"ओलं?"

"कोरडं."

"म्हणजे तेल सगळीकडे सारखं पसरायचं," लेक म्हणाली. काका मान खाली घालून म्हणाले, "आणि त्या बाईला मी उडवली असती."

"हो, उडवली असती," लेक म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही, आणि काकांना त्याचंच बरं वाटलं. "म्हणून हे नीट झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. आणि उद्या डोळेही दाखवायचे, काच काहीही म्हणो."

"दाखवू," काका म्हणाले. इतक्या चटकन ते एरवी कशालाच हो म्हणत नसत.

मग दोघं कामाला लागली. बॉनेट उघडलं. वायपरचं चित्र असलेलं निळं झाकण काढून लेकीने आत बॅटरीचा झोत मारला. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. "पाणी आहे. आता पंप बोलतोय का बघू. मी वायपरची दांडी ओढते, तुम्ही कान द्या."

कान देणं हे तर काकांचं खास काम. त्यांनी डोळे मिटले आणि चाकाच्या बाजूला वाकले. लेकीने आत बसून दांडी ओढली. "परत," काका म्हणाले. "परत. हां, गुणगुणतोय. पण दमल्यासारखा."

"गुणगुणतोय ना? म्हणजे वीज पोचतेय. फ्यूजला हात लावायला नको." लेकीने बॉनेटच्या आतून जाणारी बारीक काळी नळी सांध्यापाशी सोडवली आणि पुन्हा दांडी ओढली. नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, लोंबकळला, आणि पडला.

"बघा. पाणी नळीच्या पुढे अडलेलं नाही, इथवर येतच नाहीये. आमच्याकडे असं झालं की आम्ही आधी जाळी बघतो."

जाळी टाकीच्या बुडाशी होती, पंप जिथे बसतो तिथे. तिथवर हात पोचवायला लेकीला जमिनीवर आडवं व्हावं लागलं. पंप सुटल्याबरोबर टाकीतलं सगळं पाणी भसकन तिच्या बाहीत शिरलं, आणि तिने असा एक शब्द उच्चारला जो ती खात्यातच शिकली असणार. काकांनी तो ऐकला नाही असं दाखवलं. मग तिने हात बाहेर काढला. नखाएवढी ती जाळी हिरवट, बुळबुळीत सायीने पार लिंपली होती.

"बाबा, टाकीत काय घालता तुम्ही?"

"नळाचं पाणी. आणि भांड्यांचा साबण, चमचाभर."

"चमचाभर?"

"पळीभर," काकांनी कबूल केलं. "स्वच्छ निघावं म्हणून."

जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली, टाकी तीनदा खळखळवून ओतली, पंप जागच्या जागी बसवला, उकळून गार केलेलं साधं पाणी भरलं. गाड्यांच्या दुकानातून काच धुण्याचं तयार पाणी आणायचं, साबण पुन्हा नाही, हेही लेकीने बजावलं. दांडी ओढल्यावर सोडवलेल्या नळीतून पाणी कसं उसळून आलं! दोघंही लहान मुलांसारखी ओरडली. पण नळी जोडून पाहिलं तर उजव्या बाजूचा फवारा छान उडाला आणि डावीकडून नुसतीच शेंबडासारखी लाळ गळली.

"याचं भोक बुजलंय. टाचणी आहे का?"

"टाचणी जाड पडेल," काका म्हणाले आणि आत गेले. कपाटातून त्यांनी आपली जुनी चामड्याची गुंडाळी आणली, त्यातली केसासारखी बारीक सुई काढली, आणि सवयीने डोळ्याला भिंग लावलं. सुई भोकाला टेकवली. भिंगातून त्यांना छिद्राच्या कडेवर साचलेला पांढरा कण लख्ख दिसला. सुईचं टोक त्याच्याखाली सरकवून त्यांनी तो अलगद उचलला. नऊ दिवस ज्या डोळ्यांवर त्यांनी पाणी सोडलं होतं, तेच डोळे होते हे.

"ओढ दांडी."

डावा फवारा उडाला तो काचेवरून, टपावरून थेट मागे. मागे काठी टेकत काकू नुकत्याच येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अगं बाई! मला कशाला आंघोळ घालताय?"

फवाऱ्याचं तोंड सुईनेच जरा खाली वळवावं लागलं. मग लेकीने काच साबणाने, मग साध्या पाण्याने धुतली, वायपरच्या पट्ट्या पुसल्या, आणि काकांना उन्हाकडे तोंड करून आत बसवलं. समोरचं झाड, झाडामागचं घर, घराच्या गच्चीवरच्या तारा. एकेक तार वेगळी दिसत होती. काकांनी त्या मोजल्या. सहा होत्या.

काकू खिडकीपाशी आल्या. हनुवटीवरून पाणी निथळत होतं. "म्हणजे इंजिनाचं काही नव्हतं?"

"नव्हतं. मला वाटलं, माझे डोळे गेले. तुला सांगायचा धीर झाला नाही."

काकूंनी काठी गाडीच्या दाराला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "आणि मला वाटलं, मला नेण्या-आणण्याचा तुम्हाला कंटाळा आला. पोरीला मी फोनवर तेच सांगितलं. म्हटलं, गुडघा राहू दे अर्धवट, पण यांना जाच नको."

"वेडी आहेस का?"

"तुम्ही शहाणे!" काकू म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. पुसलेलं सगळं काही फवाऱ्याचंच नव्हतं. लेक टाकीचं झाकण लावण्यात फार गुंतल्यासारखं दाखवत राहिली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी काकांना अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, आणि दिवा लावून आत बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, बाई म्हणाल्या, या वयात असतेच. वडिलांचं ऐकलं म्हणून आतला पडदाही नीट तपासला, तो ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर थोडा बदला आणि वर्षाने या. गाडी? चालवा की. आज मात्र नको, थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत अंधूक दिसेल.

काका बाहेर आले ते हसतच, डोळे मिचकावत. दारातला उजेड त्यांना सहन होईना. भिंतीवरचा फलक नुसता रंगांचा डाग दिसत होता, आणि त्याची त्यांना गंमत वाटत होती.

"काय म्हणाल्या?" काकू बाकावरून उठल्या.

"वर्षाने या म्हणाल्या. गाडी चालवा म्हणाल्या." मग हलक्या आवाजात, "आज तेवढं खरंच काही दिसत नाहीये मला."

काकूंचा जीव भांड्यात पडला. एका हातात काठी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी काकांचा दंड पकडला. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता, त्यामुळे काकांनाही त्यांना आधार द्यावा लागत होता. खाली रस्त्यावर लेक गाडी घेऊन थांबली होती. तिने हॉर्न वाजवला, पण दोघांपैकी कोणीच घाई केली नाही.

"पायरी आहे," काकू म्हणाल्या. "दोन आहेत. सावकाश."