चौथा खांदा

"तीन खांदे झाले. चौथा तू दे, लवू."

आत्मारामने हे इतक्या सहज सांगितलं की लवूला वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणतोय. त्याने मागे वळून बघितलंसुद्धा. मागे कुणी नव्हतं. हातखंब्याच्या वडाखाली वकीलसाहेबांची मोटार उभी होती आणि तिच्या शेजारी खोताचा मेणा.

तोच मेणा. दांड्याच्या टोकाला पितळी वाघाचं तोंड. मिसरूड फुटल्यापासून लवूने तो वाहिला होता, त्याच्याआधी त्याच्या बापाने. खोताची जमीन कसायची तर खोताला खांद्यावर घ्यायचं, अशी वेठच होती. लवू पुढच्या दांड्याला असायचा. पुढच्याने वाट बघून हाक द्यायची, "धोंड डावी!", "उतार!", आणि सगळ्यांनी त्या हाकेवर खांदे झुकवायचे. उजव्या खांद्यावर त्याचा घट्टाच पडला होता, लिंबाएवढा.

मग दादू मास्तर आले. गावोगाव पायी हिंडून त्यांनी कुळांचा संघ उभा केला. ग्रामदेवीच्या देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, खोताच्या मेण्याला खांदा द्यायचा नाही. पहिला हात लवूचा. त्याच्यावर ह्याच आत्मारामचा. पुढच्या पेरणीला खोताने लवूचा पऱ्याच्या पाण्यावरचा भाताचा मळा काढून घेतला. लवू मिरजोळ्याला चिरेखाणीवर गेला. "तुझं शेत संघ परत आणील," मास्तर म्हणाले होते. लवू त्यावर जगला.

गेल्या पावसात मास्तर तापाने गेले. संघाला रत्नागिरीचे वकीलसाहेब अध्यक्ष मिळाले आणि निवडणूक तोंडावर आली.

आज गावात सभा. "तुझ्या शेताचा निकाल लागतोय," असा निरोप आत्मारामनेच धाडला होता. मालनने घरातला नारळ नवऱ्याच्या हातात दिला होता. "निकाल ऐकलात की तितंच फोडा." लवू लाल बावटा खांद्यावर टाकून आला होता, मिरवणुकीच्या पुढे चालायला.

"मेणा कशाला?" त्याने विचारलं.

"साहेबांचा गुडघा धरलाय. घाटी चढवत नाय त्यांना. खोतांनी आपणहून धाडला."

"खोतांनी?"

"अरे, मेणा खोताचा, पण आत बसणारा आपला! फरक हाय की नाय?"

"खांदा तर माझाच ना?"

मागच्या दांड्याशी उभा असलेला धोंडू, मालनचा भाऊ, फिसकन हसला. "भावोजी, वाद मागनं घाला. तुमी पुढं नसलात तर आमी साहेबांना पऱ्यात बुडवू."

वकीलसाहेब गुडघा सांभाळत मोटारीतून उतरले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लवूच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका घट्ट्यावर.

"लवू, मास्तरांचा काळ वेगळा होता. नुसतं भांडून मतं मिळत नाहीत. खोत आता आपल्याबरोबर आहेत. 'खोती मोडा' हे आपण मागण्यांतून काढलंय. सलोख्याने एकेक सवलत घेऊ."

"आणि माझा शेत?"

"बोललोय मी. द्यायला तयार आहेत. फक्त सभेत त्यांच्या पायाशी नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं. मोठं मन करायचं."

लवूने हातातल्या नारळाकडे बघितलं. "काय चुकला माझा?"

वकीलसाहेबांनी आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामने जमिनीकडे.

"आत्माराम, तुझा हात माझ्या हातावर होता. घामानं भिजलेला. आठवतो मना."

"होता रे! म्हणून काय जन्मभर खाणीत मरशील?" आत्माराम चिडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "शेत मिळतोय तर घे, मेल्या. आणि तो बावटा गुंडाळ जरा. खोतांना बरा दिसणार नाय."

खरं सांगायचं तर लवूचा हात दांड्याकडे गेला. मळ्यातला गार चिखल पायाला लागल्यासारखा वाटला त्याला. पुढच्या गड्याने सरकून जागा केली. पितळी वाघाचे कान झिजलेले होते, ते लवूच्याच घराण्याच्या तळव्यांनी झिजवलेले. लवूने त्यावर हात ठेवला. आणि काढून घेतला.

"चौथा तू दे," तो आत्मारामला म्हणाला. "संघ तुझा हाय."

वरच्या सड्याच्या कातळावरून आडवाटेने तो एकटाच निघाला. खाली मेणा पऱ्याकडे उतरत होता. आता पुढे धोंडू होता. त्याची हाक वर आली, "उताऽऽर!"

लवूचा उजवा खांदा आपसूक खाली गेला. बावट्याची काठी घसरून कातळावर पडली. तो थोडा वेळ तसाच वाकलेला उभा राहिला. मग काठी उचलून त्याने डाव्या खांद्यावर घेतली.

घरी मालनने माळ्यावरचा नांगर खाली काढून, धुऊन अंगणात उन्हाला ठेवला होता. गावातून सभेचा ढोल ऐकू येत होता.

"फोडलात नाय?"

लवूने नारळ तिच्या हातात दिला. "कालवणात घाल."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. नारळ कानाशी नेऊन हलवला. "पाणी हाय भरपूर," एवढंच म्हणाली आणि कोयता शोधायला आत गेली.

लवूने नांगर एकट्यानेच उचलला. उजव्या खांद्यावर घेतला आणि परत माळ्यावर नेऊन ठेवला.