राखून ठेवलेला आवाज

त्या सकाळी मी नवऱ्याशी एक शब्दही बोलले नाही. त्याने लगेच ठरवलं, बायको रुसली.

"काल सिनेमाला नेलं नाही म्हणून का?" मी मान हलवली. "मग आमची आई काही बोलली?" परत मान हलवली. या माणसाला माझ्या गप्प बसण्याची एवढीच दोन कारणं माहीत. शेवटी मी गळ्याला हात लावला, मग बसस्थानकाच्या दिशेने बोट केलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज सांगणार?"

हो, आज सांगणार होते. त्यासाठीच आवाज राखून ठेवत होते.

मी बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, ते माइकवरून सांगायचं. वर्षभरापासून माझी जीभ जड होत चालली आहे. नसांचा आजार. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, आधी बोलणं जाईल, मग गिळणं, आणि यावर औषध नाही. झोपून उठले की बोलणं बऱ्यापैकी येतं. बोलत गेले की जीभ दमते आणि शब्दांचा लगदा होतो.

स्थानकावर लोकांनी आपापला अर्थ लावला. "बाईंच्या डब्यात काय असतं कोण जाणे, जेवल्या की जीभ झुलायला लागते," असं तिकीटवाला म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. मेल्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. साहेबांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. आणखी एक तक्रार आली तर घरी बसा, असं त्यांनी बजावलं.

"मी येऊन सांगतो ना," नवरा कधीपासून म्हणत होता. त्याचं कापडाचं दुकान आहे. दिवसभर बोलूनच पोट भरतो, तेव्हा छानच सांगितलं असतं. पण आजार माझा होता. तोंड चालतंय तोवर मला माझ्याच तोंडाने सांगायचं होतं. भीती वाटत होती, तरीही.

चहाच्या वेळेला सगळे साहेबांच्या खोलीत जमतात. तोवर जेमतेम चार-दोन घोषणा करायच्या, असा माझा हिशेब होता. तेवढ्यात एक गाडी नेमकी फाटकातच बंद पडली. सगळ्या गाड्या मागच्या फलाटांवर वळवाव्या लागल्या. लोक सामान घेऊन सैरावैरा धावू लागले. "बाई, सांगा, सांगा!" साहेब खिडकीतून ओरडले.

मी सांगत गेले. आमच्या कामात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची असते. पहिल्या वेळी लोक नुसते कान टवकारतात, ऐकतात ते दुसऱ्या वेळी. अंगवळणी पडलेलं काम, एकदा सांगूनही भागेल हे डोक्यातच आलं नाही. शेवटची गाडीसुद्धा मी दोनदाच सांगितली आणि माइक बंद केला, तेव्हा ओठ जुळत नव्हते. मूर्खासारखी सगळा आवाज गाड्यांवर उधळून बसले होते.

तरी साहेबांच्या खोलीत गेले. आज परत फिरले असते तर पुन्हा धीर झाला नसता. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली तो दिवस, डॉक्टर, पुढे काय होणार ते, दारूचा थेंबही नाही हे. माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं. तोंडात कणकेचा गोळा धरून कुणी बोलावं तसं.

सगळ्यांनी मान डोलावली. तिकीटवाल्याने तर जरा जास्तच. "बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "रजा हवी आहे ना?"

मला रडू फुटलं. माझी अवस्था बघून साहेबांनी नवऱ्याला फोन लावला. तो दुकान टाकून, धापा टाकत आला आणि मी खुणेनेच त्याला म्हटलं, सांग आता तूच.

त्याने सांगितलं. नसांचा आजार आहे, नशा नाही, एवढं ठणकावून सांगितलं. तिकीटवाल्याने मान खाली घातली. मला वाटलं, चला, माझ्या नाही तर याच्या तोंडून. मग नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "औषध चालू आहे. दोन-चार महिन्यांत ठणठणीत होईल."

मी त्याची बाही ओढली. "हो, सांगितलं ना सगळं," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. डॉक्टरांसमोर माझ्या शेजारच्या खुर्चीवर हाच बसला होता. तेव्हा मला कळलं, याने ते अजून स्वतःलाही सांगितलेलं नाही.

मी उरलेलं सगळं बळ जिभेत आणलं.

"नाही," मी म्हटलं. "बरी नाही होणार."

त्या खोलीत एवढंच स्वच्छ आलं. सगळ्यांना अगदी नीट कळलं.

"असं कसं म्हणता बाई!" साहेब उठून उभेच राहिले. "होणार म्हणजे होणारच!" आणि ते सगळे, तिकीटवालासुद्धा, माझ्याभोवती जमून मला धीर देऊ लागले.