नेवेनाचा ठोका

नेवेना गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी आमच्या दारात माझ्याआधी क्रूम रडला. मी तिचा नवरा, खुर्चीची पाठ धरून उभा होतो. क्रूम गावातल्या बेकरीचा मालक, एकशे वीस किलोचा माणूस. नेवेनानं त्याच्याकडे सव्वीस वर्षं पाव भाजले. तो पायरीवर बसून हुंदके देत होता आणि शेजारणी त्यालाच पाणी पाजत होत्या.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, झाडांवर, बस थांब्यावर चिकटवतात. मी नेवेनाचा लावला. दुसऱ्या दिवशी थांब्यावर त्याच्या शेजारी क्रूमनं लावलेला कागद होता: ‘नेवेना, तुझी जागा रिकामी आहे.’ मी तो फाडून खिशात घातला.

आठवडाभरात गाडीतून ठोका येऊ लागला. दफनभूमीच्या वळणावर पुढून, उजवीकडून, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटकडून, धप्, धप्, धप्. दार ठोठावल्यासारखा. तीस वर्षं मी सायकलवर टपाल वाटलं. गाडीचं मला चालवण्यापलीकडे काही कळत नाही.

चाळिसाव्या दिवशी कबरीवर उकडलेले गहू वाटायला निघालो, तेव्हा क्रूमचे गुडघे दुखत होते म्हणून त्याला शेजारी बसवावं लागलं. वळण आलं, गेलं. गाडी गप्प. मागे बसलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नेवेना नवऱ्याला ठोकते आणि क्रूमपाशी शांत होते.

मग गेना आजी आली. ही शिसं वितळवून पाण्यात ओतते आणि त्याच्या आकारावरून मेलेल्यांचे निरोप सांगते. रविवारी दफनभूमीच्या फाटकापाशी अर्धं गाव जमलं. मुलं भिंतीवर चढली, कुणी बॉनेटवर मेणबत्ती लावली. मी एकटा गाडी घेऊन वळणावरून गेलो. धप्, धप्. चर्चचा काटकुळा घंटावाला शेजारी बसला. तरी धप्. मग क्रूम बसला. शांत. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

आजीनं बॉनेटवर परात ठेवून शिसं ओतलं. पाणी चरचरलं. गोळा वर धरून ती म्हणाली, “हृदय आलंय. दोन कप्प्यांचं.” मला ते वाटाण्याच्या शेंगेसारखं दिसलं. पण तिची टकळी थांबेना. लोखंडाला कान असतात, रबराला आठवण असते, चाक फिरतं तसा जीव फिरतो. शेवटी माझ्याकडे वळली. “तिहोमीर, जिथं तिला बरं वाटतं तिथं तिला जाऊ दे. गाडी क्रूमला देऊन टाक. नाहीतर वर्षाच्या आत ठोके तुझ्या छातीत येतील.”

क्रूम मान खाली घालून उभा होता. चेहऱ्यावर लाज होती आणि लाजेखाली थोडा आनंद. तो मला दिसला. मी किल्ली काढली. त्याला म्हणालो, “घे. सव्वीस वर्षं दिवसभर तुझ्याकडेच होती. आता कायमची ने.”

“किल्ली खिशात ठेवा, दादा,” मागून आवाज आला. दिमाना बाई. त्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि स्वतःची गाडी स्वतः खोलून दुरुस्त करतात. “आजी, क्रूमचं वजन विचारलंत का तिला?”

लोक हसले. आजी म्हणाली, आत्म्याला वजन नसतं. “आत्म्याला नसेल. बटाट्यांना असतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी क्रूमच्याच बेकरीतून, सारणासाठी ठेवलेल्या बटाट्यांची चाळीस-चाळीस किलोची तीन पोती मागवली आणि उजव्या सीटवर, सीटपुढच्या जागेत रचली. मी वळणावरून दोनदा गेलो. एकही ठोका नाही.

“म्हणजे नेवेनावहिनींचं बटाट्यांवरही प्रेम होतं म्हणायचं,” घंटावाला म्हणाला. आजी परात उचलून निघाली.

बाईंनी पोती उतरवली, बॉनेट उघडलं, आणि माझा हात उजव्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकावर ठेवला. “दाबू नका, नुसता ठेवा.” त्यांनी गाडीचा कोपरा वरखाली हलवला. माझ्या तळव्याखाली धप् झालं. वरचं रबर फाटलं होतं. दफनभूमीपासून दगडी रस्ता सुरू होतो, तिथं हलकी गाडी उसळली की शॉकअब्सॉर्बरचा दांडा वर आपटायचा. वजन असलं की जागेवर दाबून बसायचा.

“हे आजचं नाही,” बाई म्हणाल्या. “दोन-तीन वर्षांचं आहे. आधी आवाज का नव्हता?”

मी हात तिथंच ठेवून विचार केला. एकटा असलो की मी सायकलनं जायचो. गाडी काढायची ती नेवेना बरोबर असली की. ती पाव भाजायची आणि पाव खायची. नव्वद किलोची होती. माझ्या उजवीकडे बसायची.

सीट रिकामी झाली म्हणून ठोका ऐकू आला. बाकी काही नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी नवं रबर बसवलं. दोन तास लागले. आता वळणावर गाडी गप्प असते, मी एकटा असलो तरी. तुमच्याकडे काही ठोठावत असेल तर आधी बॉनेट उघडा, हात लावून पाहा, वजन बदलून पाहा, कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. मी ते केलं नव्हतं. मेलेल्या बायकोवर संशय घेणं मला त्यापेक्षा सोपं गेलं.

क्रूमला मी पाहिलं की अजून पोटात जळतं. त्यावर बाईंकडे रबर नाही. पण त्याच्या कागदावर लिहिलं होतं ते खरं होतं. तो कागद चार तुकड्यांत माझ्या कोटाच्या खिशात आहे. थांब्यावर त्याची जागा मोकळी आहे. मी तो अजून परत लावलेला नाही.