चार मिनिटांचा फोटो

“बाजूला हो ब्यूला, फोटोत येतेस,” ऑरिन कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून म्हणाला.

“यायलाच तर आलेय!” ब्यूलाने कमरेवर हात ठेवले. “फोटोत माणूस आलं तर सरकारला चालत नाही, हे तूच सांगितलंस ना? माझ्याच घरी, माझेच बीन्स खाताना?”

सांगितलं होतं खरं. व्हरमाँटमधली जुनी वास्तू पाडायची तर आधी तिचे नीट फोटो काढून दप्तरी ठेवायचे, असा नियम होता. लग्नांचे फोटो काढायचा स्टुडिओ बंद झाल्यापासून ऑरिन टटल हेच काम करत होता. कोठारं, गिरण्या, चर्च, छपराचे लाकडी पूल. त्याने तिपाई रोवली की महिनाभरात तिथे बुलडोझर येई. लोक त्याला कॉफीसुद्धा विचारत नसत. एका शेतकऱ्याने तर विचारलं होतं, “माप घ्यायला आलात का, शवपेटीचं?”

चौऱ्याहत्तर सालच्या त्या नोव्हेंबरात पाळी त्याच्याच गावच्या पुलाची आली. पुलाच्या तोंडाशी ब्यूलाचं घर होतं. सिमेंटचा पूल झाला की रुंद रस्ता तिच्या स्वयंपाकघरावरून जाणार होता. ती त्याची थोरली बहीण, सत्तरीची, एकटी.

“नाही म्हणायचंस त्यांना,” ती म्हणाली.

“मी नाही म्हटलं तर दुसरा येईल. घाईत काढेल, वाईट काढेल.”

“वा! मढं नीट सजवणारा तू! बाबा हिवाळाभर या पुलात बर्फ पसरायचे, घोड्यांच्या घसरगाड्या कोरड्या लाकडावर अडू नयेत म्हणून. छपराने बाहेर अडवलेलं बर्फ फावड्याने आत आणायचे. मागे झाडू घेऊन मी. तू पाळण्यात होतास.”

“माहीत आहे मला.”

“माहीत असतं तर ही तिपाई आणली नसतीस.” आणि ती चालू लागली. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. “काढ आता, कसा काढतोस बघते!”

बाहेरचे फोटो त्याने आदल्या दिवशीच उरकले होते. पुलाच्या आत मात्र इतका अंधार, की एका फोटोला भिंग चार मिनिटं उघडं ठेवावं लागे. एवढ्या वेळात चालतं माणूस फिल्मवर उमटतच नाही. थांबतं तेच उमटतं. ती खुर्ची टाकून बसली असती, तर त्याचा काही इलाज चालला नसता. चालू नकोस, नुसती बस, एवढंच सांगायचं होतं.

त्याने भिंगाचं झाकण काढलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

ब्यूला दिवसभर चालली. बाजूच्या फळ्यांच्या जाळीतून येणारे उजेडाचे पट्टे तिच्या अंगावरून सरकत होते. तिचे गुडघे दुखत होते, हे तिच्या पावलांवरून त्याला कळत होतं.

“बिघडला?” दर वेळी ती विचारी.

“बिघडला,” तो म्हणे.

संध्याकाळी तिने त्याला काळा पाव आणि ॲपल पाय वाढला, आणि स्वतः गुडघ्यांना मलम चोळत बसली. “अकरा बिघडवले! कळव त्यांना, म्हातारी हटत नाही म्हणून.”

“कळवतो.”

“तोंड का पाडलंस? तुझ्यावर ओरडतील का रे ते?”

“नाही गं. तू दमलीस फार.”

“पुन्हा पाठवलं तर पुन्हा चालेन,” ब्यूला म्हणाली आणि त्याच्या बशीत ॲपल पायचा दुसरा तुकडा टाकला. त्याने तो संपवला.

दुसऱ्या दिवशी ऑरिनने अकराही फोटो धुऊन वाळत घातले. लाकडातली खुंटी न् खुंटी स्पष्ट आली होती. पूल रिकामा होता. एका फोटोत मात्र डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर, जाळीच्या फळीवर करडा डाग दिसत होता. त्याने भिंगातून पाहिलं. तिथे ती दम घ्यायला टेकली असावी.

सोमवारी राजधानीतल्या कचेरीत कारकुनाने एकेक फोटो उजेडात धरला. त्याच फोटोशी तो थांबला.

“हे काय? माणूस तर नाही ना? माणूस असेल तर सगळं परत पाठवावं लागेल, मिस्टर टटल.”

ऑरिनने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“ओल आहे,” तो म्हणाला. “लाकूड फार जुनं आहे.”

कारकुनाने मान डोलावली आणि मंजुरीचा शिक्का शाईत बुडवला.