एका क्रमांकाची दोन माणसं

त्यांचं आडनाव इतकं दुर्मीळ होतं, की शहराच्या जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीत ते एकदाच यायचं, आणि तो नंबर त्यांच्याच घरचा असायचा. ऑपरेटरबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून हजारो आडनावं ऐकली. आपलं एकदाही नाही. त्यांच्या वडिलांना त्याचा कोण अभिमान! "आपल्यासारखे आपणच," ते म्हणायचे. वडिलांचे वडील महायुद्धातून जिवंत परतलेले शिपाई. अनाथाश्रमात वाढलेले, मागेपुढे कुणी नाही, घराणं काय ते त्यांच्यापासून सुरू झालं, असं घरात सांगितलं जायचं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा वडील ऐंशीला टेकले होते. त्यांच्या वाढदिवसाला द्यायला बाईंनी एक वही करायची ठरवली: त्या युद्धात लढलेले आपल्या आडनावाचे सगळे शिपाई. धाकटा भाऊ हसला. "ताई, एका पानाची वही होईल. बाइंडिंगचा खर्च वाचला."

पण लष्करी दफ्तरखान्यात सहा आठवडे नोंदी चाळल्यावर बाईंना एक नाही, पाच शिपाई सापडले. चौघं नदीपलीकडच्या एकाच खेड्यातले. पाचवे म्हणजे आजोबा. आणि गंमत म्हणजे नोंदीत आजोबांचं गावही तेच होतं. आई हयात, दोन भाऊ, एक बहीण. अनाथ माणसाला एवढा गोतावळा कुठून आला?

दफ्तरखान्याचा कारकून मितभाषी होता. त्यानं आजोबांची फाईल आणून टेबलावर ठेवली आणि जायच्या ऐवजी तिथंच उभा राहिला. पहिला कागद भरतीचा. वय एकोणीस, उंची पाच फूट दोन इंच, लिहितावाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा. दुसरा कागद दोन वर्षांनंतरचा, लष्करी इस्पितळातला. बेशुद्धावस्थेत आणला, नाव आणि क्रमांक कोटातल्या बिल्ल्यावरून घेतला. उंची पाच फूट अकरा. तिसरा कागद म्हणजे सेवेतून मुक्त झाल्याची पावती, आणि तिच्यावर सही. वळणदार, लपेटदार. बाईंच्या घरी आजोबांच्या त्याच अक्षरातल्या पत्रांचा गठ्ठाच होता.

"लढाईत माणूस झिजतो, बाई," कारकून हळूच म्हणाला. "नऊ इंच वाढलेला मी तरी पाहिला नाही."

बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. कोट दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आजोबांनी तो थंडीनं काकडताना मेलेल्याच्या अंगावरून काढला, की मुद्दाम घेतला? शुद्धीवर आल्यावर 'मी तो नव्हे' असं एकदा तरी तोंडून निघालं का? फाईल काही बोलत नव्हती. तिच्यात शेवटी फक्त तीन पत्रं होती. खेड्यातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेली, आईची. माझा मुलगा कुठं आहे? आणि तिन्हींना मिळून एकच उत्तर, त्याची नक्कल: आपला मुलगा हयात असून सेवेतून मुक्त झाला आहे. घरी येण्याची सक्ती कार्यालय करू शकत नाही.

बाईंनी सवयीनं तेच केलं जे त्यांना येत होतं: फोन लावला. खेड्यातल्या पोस्टानं त्या घरचा नंबर दिला. पलीकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. पाचव्या शिपायाची ती पुतणी. बाईंनी आडनाव सांगितलं मात्र, ती आनंदानं ओरडलीच.

"म्हणजे काकानं संसार केला! मुलंबाळं झाली! अगं, मग मी तुझी आत्याच की. आजीनं जिवंत मुलाच्या नावानं आंघोळ केली गं. आई मेली तरी फिरकला नाही म्हणून त्याचं नाव काढायची बंदी होती घरात. तू ये. आता कुणी रागवायला उरलं नाही."

"येते," एवढंच बाईंच्या तोंडून निघालं. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात रिसीव्हरवरच राहिला.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड ना, ताई. लोक घराण्याचं नाव काढतात, आजोबांनी दुसऱ्याच्या घराण्याचं काढलं." स्वतःच्या विनोदावर त्यालाच हसू आलं नाही. मग म्हणाला, "बाबांना नको सांगूस. या वयात मुळावरच घाव घालायचा?"

पण बाई वडिलांसमोर बसल्या, आणि तिन्ही कागदांच्या नकला त्यांच्या मांडीवर ठेवल्या. वडिलांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "जाण्याच्या आठ दिवस आधी सांगितलं त्यांनी. खरं नाव मात्र नाही सांगितलं. म्हणाले, ते मेलं."

"माहीत होतं आणि आम्हाला छाती फुगवून सांगत राहिलात, आपल्यासारखे आपणच?"

"नाव घेतलं, पण त्याला बट्टा लागू दिला नाही. ना त्यांनी, ना मी."

"बाबा, तिकडे त्याची आई होती. मुलानं टाकलं म्हणून तळतळाट देत गेली ती."

वडिलांनी मांडीवरचे कागद आता पहिल्यांदा हातात घेतले. "आई होती?" त्यांनी विचारलं. "मला म्हणाले होते, त्याला कुणी नव्हतं."

चार दिवसांनी बाई नदीपलीकडे गेल्या. आत्या दारातच वाट पाहत उभी होती; तिनं बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काकाची जिवणी शोधायला लागली. बाईंना ते सहन झालं नाही. उंबऱ्यातच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

आत्याचे हात खाली आले. "कधी गेला तो?"

"तारीख नाही. पण इस्पितळाच्या कागदाआधी. एकवीस वर्षांचा असेल."

"म्हणजे आजी पहिलं पत्र लिहीत होती तेव्हा तो..." म्हातारी भिंतीला टेकली. "आणि आम्ही लहान पोरं त्याला 'आईला विसरलेला' म्हणायचो. खेळात चिडवायला वापरायचो त्याचं नाव." तिचा आवाज बदलला. "तुझा आजोबा एक कार्ड टाकू शकत होता. एक ओळ. लिहिता येत होतं ना त्याला?"

"येत होतं," बाई म्हणाल्या.

"कागद ठेव आणि जा."

बाई कागद ठेवून परतल्या. नोंद दुरुस्त करायला कागदोपत्री वारसाचं शपथपत्र लागत होतं. वडील काठी टेकत दफ्तरखान्यात आले. पेन हातात धरून त्यांनी कारकुनाला विचारलं, "सही कोणत्या नावानं करू?"

"रोजच्याच करा, बाबा," कारकून म्हणाला. "दुसरं कुठलं आहे तुमच्याकडे?"

सात महिन्यांनी 'हयात' खोडून 'युद्धात मृत' अशी नोंद झाली. त्यानंतर खेड्यातून एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, फक्त एक फोटो: गावच्या स्मारकाचा दगड, चार जुनी नावं आणि खाली पाचवं, ताजं कोरलेलं. बाईंनी फोन लावला. दोनदा वाजून तो पलीकडून बंद झाला. पुन्हा लावायचा धीर त्यांना झाला नाही.

वडिलांनी फोटो खिडकीशी नेऊन, उजेडात धरून पाहिला.

"एकवीस म्हणजे पोरगंच गं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.