सावकाश निवणारी

मी एक जुनी भट्टी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझी कीव करायची असेल तर पुढे वाचू नका. माझ्या पाठीवर ‘भंगार’ असा कागद डकवलेला आहे. तो खोटा आहे. कसा, ते ऐका.

मला एका मिस्त्रीनं घडवलं. बाहेर पत्र्याची पेटी, आत पांढऱ्या विटा आणि विटांच्या खाचांत तारेची वेटोळी. वीज सोडली की तारा लाल होतात. ठरल्या तेवढ्या विटा लावून झाल्यावर मिस्त्रीनं आणखी एक थर चढवला. कारखान्याचा मालक ओरडला, “अरे, भट्टी करतोयस की किल्ला?”

“उरल्या होत्या, मालक. परत कोण वाहून नेणार!”

त्या उरलेल्या विटांनी माझा स्वभाव ठरला. मी तापते सावकाश आणि निवते त्याहून सावकाश.

मग मी एका प्रयोगशाळेत आले. तिथे बॅटरीवर संशोधन चालतं, तुमच्या फोनमध्ये असते तशा लिथियम-आयन बॅटरीवर. बॅटरी भरताना लिथियमचे कण एका बाजूच्या पदार्थात शिरतात आणि वापरताना बाहेर पडतात. पाहुण्यांनी घर भरावं आणि रिकामं व्हावं, तसा तो पदार्थ फुगतो आणि आकसतो. तो जाडाभरडा असेल तर थोड्याच दिवसांत त्याला तडे जातात. म्हणून आमच्या संशोधिका बाईंनी त्याचे धागे केले, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतके बारीक, वर कार्बनचं तलम अस्तर. असा धागा ताण सोसतो, तुटत नाही.

ते धागे भाजायचे माझ्या पोटात. बाई इथे शिकायला आल्या तेव्हा दोन वेण्या घालत. आता चष्म्याशिवाय त्यांना माझ्या तापमानाचा आकडा दिसत नाही. इतकी वर्षं आमचा नेम एकच. भाजून झालं की संध्याकाळी मला बंद करायचं आणि घरी जायचं, सकाळी येऊन दार उघडायचं. तोवरही मी ऊन असे, म्हणून बाई आपला जेवणाचा डबा माझ्या डोक्यावर ठेवत. विद्यार्थी चिडवत, “मॅडम, म्हातारीनं आज काय शिजवलं?”

“तुमची अक्कल. अजून कच्ची आहे.”

आमच्या धाग्यांच्या बॅटऱ्या टिकल्या. शोधनिबंध छापून आला. बाईंचं कौतुक झालं. माझा साधा फोटोही कुणी काढला नाही. असो.

पुढे नवी भट्टी आली. चकचकीत, आत पंखा, भाजून झालं की बघता बघता गार. विभागप्रमुख हात चोळत म्हणाले, “बघा, एका दिवसात दोन खेपा! काढा त्या म्हातारीला बाहेर.” माझी वायर काढली, पाठीवर कागद डकवला आणि मला बोळात मोडक्या खुर्च्यांशेजारी उभं केलं.

नव्याचे नऊ दिवस! नव्या भट्टीतल्या धाग्यांच्या बॅटऱ्या भराभर मरू लागल्या. मसाला तोच, तापमान तेच, करणारे हातही तेच. बोळातून मला सगळं ऐकू येई. खापर फुटलं ते बाईंच्या डोक्यावर.

“स्पष्टच बोलतो, मॅडम,” प्रमुख म्हणाले. “आपल्याच प्रयोगशाळेत पुन्हा जमत नाही, तर आधी जमलं होतं कशावरून? महिनाअखेरपर्यंत सिद्ध करा, नाहीतर निबंध मागे घ्या.”

“जन्मभराचं काम मागे घेऊ?”

“लोक लबाड म्हणतील, त्यापेक्षा बरं.”

“म्हणू देत. मी खोटं लिहिलेलं नाही. मागे घेणार नाही.”

बाईंचा एकही शब्द मागे हटला नाही. माझी वायर काढलेली होती, तरी मी आतून तापले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आणि त्यांची विद्यार्थिनी जेवायला बसल्या. बाईंनी सवयीनं डबा सकाळीच नव्या भट्टीवर ठेवला होता. पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गारढोण आहे गं.”

“होणारच, मॅडम! ही तर कालच आपण निघायच्या आत गार झाली होती. म्हातारीसारखी रात्रभर धुमसत नाही बसत.”

बाईंचा घास हातातच राहिला. “अगं, निबंधात आपण काय लिहिलंय? ‘नंतर थंड करावे.’ बस्स! किती सावकाश, ते लिहिलंच नाही. आपल्याला वाटलं, भट्टी बंद केली म्हणजे काम संपलं. ती बिचारी तर रात्रभर काम करत होती!”

‘बिचारी’ हा शब्द मला आवडला नाही, पण बाकीचं खरं होतं. तापलेला काचेचा पेला गार पाण्यात बुडवला की तडकतो. तसंच धाग्यांचं अस्तर पंख्याच्या वाऱ्यानं तडकत होतं.

दोघींनी मला ढकलत आत नेलं. वायर जोडली. “पेटेल का हो?” विद्यार्थिनी पुटपुटली. न पेटायला काय झालं? पेटले, आणि सकाळी धागे अखंड काढून दिले. मग बाईंनी नव्या भट्टीचा पंखा बंद करून तिलाही माझ्याच चालीनं निवायला लावलं. तिचेही धागे शाबूत निघाले. दोन्ही भट्ट्यांच्या बॅटऱ्या टिकल्या. निबंध जागचा हलला नाही, फक्त त्यात एक ओळ वाढली.

“चला, आता नवीलाही जमतं,” प्रमुख म्हणाले. “मग ही अडगळ कशाला?”

“ती माझी साक्षीदार आहे, सर. साक्षीदाराला कुणी भंगारात घालतं?”

“बरं बाई! रंग देऊन काचेत ठेवू, दाराशी. पाहुण्यांना दाखवायला.”

मित्रांनो, मला रंग नको आणि काचही नको. मी शोभेची बाहुली नाही. वायर राहू द्या आणि काम द्या. तुम्हीही एखादी जुनी, सावकाश चालणारी वस्तू किंवा तसं माणूस बाजूला सारायला निघालात, तर आधी एवढं बघा, की ते गप्प बसलेलं दिसतं तेव्हा काय करत असतं.

तो कागद अजून माझ्या पाठीवर आहे. काल मी तापले तेव्हा डिंक सुटून त्याचा एक कोपरा उचलला गेला. उरलेल्या तीन कोपऱ्यांचं मी बघून घेते.